नाव, मालक आणि माप

शाहूपुरीतल्या मशिनरीच्या दुकानात व्हर्निअर मागितला, की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘मेक कुठला देऊ?’ दोन व्हर्निअर दिसायला सारखेच, पण मेकनुसार किंमत काही पटींनी बदलते. गिऱ्हाईक जादा पैसे मोजतो ते नावावरच्या विश्वासापोटी. त्या नावामागचा कारखाना आणि मालक अजून तेच आहेत का, हा प्रश्न मला गेली काही वर्षे पडतो आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरी ही मूळची गुळाची पेठ. तिथे भरवसा हवा होता तो काट्याचा. पुढे उद्यमनगरात ऑइल इंजिने बनू लागली. इंजिन एकाच छपराखाली तयार होई, तोवर पिस्टन आणि लायनर एकमेकांशी जुळवून बसवता येत. ‘सूतभर’, ‘दोन थाऊ’ ही भाषा त्या काळातली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले ओतकाम मशिनिंग होऊन दूरच्या वाहन कारखान्यात जाते. इथल्या टर्नरने तिथला जोडभाग पाहिलेला नसतो. दोन्हीकडचे माप एकच असेल, तरच तो भाग बसतो. नाहीतर सगळा लॉट परत येतो. छोट्या वर्कशॉपला असा एक लॉट महिन्याची कमाई गमवायला पुरेसा असतो.

हे माप ज्यावर अवलंबून, ते गुण डोळ्यांना दिसत नाहीत. नेहमीच्या मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा एक फेरा अर्धा मिलिमीटर सरकतो आणि थिंबलवर 50 रेघा असतात. म्हणून एक रेघ 0.01 मिमीची. पण स्क्रूचे आटे सर्वत्र सारखे आहेत का, मोजणारी दोन तोंडे सपाट आणि समांतर आहेत का, हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. अशा वस्तूत नाव हाच पुरावा ठरतो.

या नावांचा इतिहास मोठा आहे. फ्रान्सच्या पामर यांनी 1848 मध्ये स्क्रूच्या मापकाचे पेटंट घेतले. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ते साधन अमेरिकेच्या ‘ब्राउन अँड शार्प’च्या मालकांनी पाहिले आणि पुढे मायक्रोमीटर कारागिराच्या हाती पोहोचवला. त्याच कंपनीचा मोजमाप विभाग 2001 मध्ये स्वीडनच्या हेक्सागॉन समूहाने विकत घेतला. स्वित्झर्लंडचे ‘टेसा’ही त्याबरोबर गेले. 1880 मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची ‘स्टॅरेट’ 2024 मध्ये एका खासगी गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेली. शेफिल्डचे ‘मूर अँड राइट’ हे 1906 पासूनचे नाव आता बॉवर्स समूहाकडे आहे. आपल्या पुण्यात बनणाऱ्या डायल गेजवर ‘बेकर मर्सर’ असे जोडनाव असे. त्यातले मर्सर म्हणजे जहाजांच्या क्रोनोमीटरसाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडचे घराणे. जुन्या टूलरूममध्ये अशा डायल अजून दिसतात.

मालक बदलला म्हणजे दर्जा घसरलाच, असे मात्र नाही. टेसाचा कारखाना आजही स्वित्झर्लंडमधल्या रेनाँ गावातच आहे. खरी अडचण वेगळी आहे. नाव हीसुद्धा एक मालमत्ता असते आणि नवा मालक ती हवी तशी वापरू शकतो. एकाच नावाखाली महाग आणि स्वस्त अशा दोन श्रेणी निघतात, त्या दोन देशांत बनतात आणि खोक्याचा रंग तोच राहतो. शिवाय मालक बदलण्याचीही गरज नसते. 1934 मध्ये येहान नुमाता यांनी सुरू केलेल्या जपानच्या ‘मितुतोयो’ची नक्कल इतकी होते, की बनावट मालापासून सावध राहा, असे कंपनीलाच सांगावे लागते.

डिजिटल व्हर्निअरने आणखी एक भ्रम आणला. पडद्यावर 0.01 मिमी दिसते, म्हणून माप तितके अचूक, असे वाटते. दीडशे मिलिमीटरच्या उत्तम व्हर्निअरचीही मान्य चूक साधारण 0.02 मिमी असते. पडद्यावरचा शेवटचा आकडा आणि खरे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग भरवसा कशाचा? स्लिप गेजचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या रायफल कारखान्यातले योहान्सन यांनी पोलादी ठोकळ्यांचा असा संच कल्पिला, की ठोकळे एकमेकांना चिकटवून हवे ते माप उभे करता यावे. स्लिप गेजचे माप एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासता येते आणि ती साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. नवा व्हर्निअर आणला, की तोंडे मिटून उजेडासमोर धरावीत, शून्य पाचदा पाहावे आणि मग 10, 50, 100 मिमीच्या स्लिप मोजाव्यात. पंधरा मिनिटांचे हे काम खोक्यावरच्या नावापेक्षा जास्त सांगते.

यात हवामानही धरावे लागते. प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. कोल्हापुरात शेडमध्ये 35 अंश असताना 100 मिमीचा ॲल्युमिनिअम पिस्टन पोलादी मायक्रोमीटरने मोजला, तर तो सुमारे 0.017 मिमी मोठा भरतो. त्यात मायक्रोमीटरच्या मेकचा दोष नसतो.

कॅलिब्रेशनचा दाखलाही तपासणीच्या दिवसापुरता बोलतो. हत्यार दुसऱ्या दिवशी हातातून पडले, तर तो काही सांगत नाही. म्हणून स्लिपचा संच हाताशी हवा. एकट्या छोट्या वर्कशॉपला तो परवडत नाही, पण एका गल्लीतल्या दहा जणांनी मिळून एक संच घ्यावा, तो एका थंड खोलीत ठेवावा आणि दर महिन्याला आपापली हत्यारे तिथे आणावीत, हे अशक्य नाही. मेक विचारणे त्यानंतरही चालूच राहील. मात्र कारखाना कोणी विकत घेतला, यावर आपल्या लॉटचे भवितव्य ठरणार नाही.