कुलंट कमी होतंय? पाणी ओतू नका, आधी गळती शोधा



डिलिव्हरीच्या गाडीचा खर्च कसा लिहायचा, ते आपण व्हिडिओत बघितलं. त्यातला एक खर्च मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो निव्वळ माझ्या चुकीमुळे झाला. आज तो सांगतो.

नाशिकला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. माल आणायला सेकंड हँड छोटी व्हॅन घेतली. दिवाळीच्या आधी तिचं कुलंट दर आठवड्याला थोडं उतरायचं. मी काय करायचो? बाटलीभर नळाचं पाणी ओतायचं आणि निघायचं. एकदा मुंबईहून माल भरून येताना कसारा घाटात टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला. ‘वर चढलो की थांबू’ म्हणत मी गाडी आणखी रेटली आणि हेड गॅस्केट गेलं. बिल १८,००० रुपये, गाडी सहा दिवस गॅरेजमध्ये आणि सीझनच्या दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. मूळ दोष काय, तर ३५० रुपयांचा चिरलेला रबरी पाइप!

कुलंट हे भांडवल आहे

पेट्रोल हा चालू खर्च, तो रोज होणारच. कुलंट मात्र बंद चक्रात फिरतं, ते जळत नाही. वर्षभरात पातळी किंचित उतरली तर ठीक. पण दर आठवड्याला ओतावं लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर जातंय.

छोटी गळतीही महागात का पडते? इंजिन साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास चालतं. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचं झाकण आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणून चांगलं कुलंट १२० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. गळती असली की दाब टिकत नाही आणि घाटात, भरल्या गाडीत ते लवकर उकळतं.

घरच्या घरी तपासणी

एक नियम पक्का लक्षात ठेवा: इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. उकळतं कुलंट उसळून तोंडावर येतं.

१. सकाळी गाडी थंड असताना कुलंटच्या बाटलीवर मार्करने पातळीची खूण करा, तारीख लिहा. आठवड्याने परत बघा.

२. रात्री इंजिनखाली पुठ्ठा अंथरा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. कुलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. ते विषारी आहे, सांडलेलं लगेच पुसा. कुत्री-मांजरं चाटतात. लहान मुलांनाही जपा.

३. टॉर्च घेऊन पाइपांची टोकं, क्लिपा, वॉटर पंप आणि रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे जाळीला जोडलेली असते, ती जागा बघा. सुकलेल्या कुलंटचे पांढरट किंवा रंगीत डाग हीच गळतीची खूण.

४. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं, आत गोड वास आणि काचेवर चिकट धुकं असेल, तर संशय हीटरच्या छोट्या रेडिएटरवर घ्या.

५. बाहेर काहीच दिसत नाही, पण पातळी उतरतेय? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, बाटलीत बुडबुडे, यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केट गेलं असू शकतं. गाडी चालवू नका, टो करून न्या.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

‘प्रेशर टेस्ट करा’ एवढंच सांगा. थंड इंजिनला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा खाली आला की गळती आहे. शक्यतो ती जागाही तेव्हाच दिसते. झाकणही तपासून घ्या, बऱ्याचदा दोषी तेच निघतं. आधी टेस्ट, मग एस्टिमेट.

दुरुस्ती

क्लिप सैल असेल तर आवळा किंवा बदला. चिरलेला किंवा फुगलेला पाइप बदलाच, टेप गुंडाळून दाब टिकत नाही. प्लास्टिकच्या टाकीला तडा असेल तर एम-सील घरी पोचण्यापुरतं, नंतर टाकी किंवा रेडिएटर बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्टही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागेल. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड ऐकला असेल. हळदीने भोक बुजतं, तशा बारीक नळ्याही बुजतात.

नंतर मॅन्युअलमध्ये दिलेलंच कुलंट भरा. कॉन्सन्ट्रेट असेल तर मॅन्युअलमधल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, साधारणपणे ते निम्मं-निम्मं असतं. नळाच्या पाण्यातले क्षार आत साठतात. शेवटी मेकॅनिककडून सिस्टिममधली हवा काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडीची पातळी पुन्हा बघा.

रस्त्यातच काटा चढला तर? एसी बंद, हीटर फुल, सुरक्षित जागी गाडी बाजूला आणि इंजिन बंद. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका.

आता माझ्या गाडीत एक वही असते: तारीख, किलोमीटर, कुलंटची पातळी. दुकानात स्टॉक बिलाशिवाय कमी झाला तर आपण नवा माल भरून गप्प बसतो का? नाही ना! मग गाडीतही तोच हिशोब ठेवा. उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी दोन मिनिटं बॉनेट उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!