घास घशात अडकतो तेव्हा

दिवाळी आली की घरोघरच्या चिरंजीवांच्या हाती पत्र्याचे पिस्तूल येते. त्यात लाल टिकल्यांची गुंडाळी भरायची, चाप ओढायचा आणि पेपर वाचत बसलेल्या आजोबांना दचकवायचे, हा कार्यक्रम नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून सुरू होतो. परंतु चार बार झाले की पाचव्याला नुसते 'टक्' होते. गुंडाळी आत वाकडी गेलेली असते, टिकली हातोडीखाली आलेलीच नसते. चिरंजीव रडकुंडीला येतात आणि वडील चष्मा लावून, फराळाचे ताट बाजूला सारून, पिस्तूल उघडून बसतात. दारू चांगली, हातोडी चांगली, चापही चांगला. पण पुढचा घास वेळेवर तोंडाशी येत नाही, एवढेच काय ते दुखणे! आणि मौज अशी की नेमक्या याच दुखण्याने खऱ्या बंदुका बनवणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांनाही पुष्कळ रडवले आहे.

नागपूरच्या पुष्कळ घरांत कोणी ना कोणी एन.सी.सी.त गेलेले असते. कामठीला तर एन.सी.सी.च्या अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्थाच आहे. या मुलामुलींना शिबिरात पोटावर झोपून जी रायफल चालवायला मिळते ती 'पॉइंट टू-टू'. हिचा बोल्ट हाताने मागे ओढायचा, हाताने पुढे ढकलायचा. ही रायफल क्वचितच अडते. कारण काडतूस नीट जात नसेल तर ते हाताला कळते, आणि हात आपसूक थोडा थांबतो, थोडा जोर लावतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत हा शहाणा हातच काढून टाकलेला असतो. तिथे एक बार उडाला की त्याच धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा चढतो आणि पुढचे काडतूस नळीत जाऊन बसते. नेमबाजाने फक्त दर बाराला चाप ओढायचा. ऐकायला हे फार सोयीचे वाटते. पण त्या बिचाऱ्या काडतुसाकडे जरा पाहा.

.२२ चे लाँग रायफल काडतूस एकूण जेमतेम एक इंच लांब. टोकाला शिशाची मऊ गोळी, वजन सुमारे २.६ ग्रॅम. मागे पितळेची पातळ पुंगळी आणि तिच्या बुडाला बाहेर आलेली कड. मोठ्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. इथे तसे नाही. ही कड आतून पोकळ असते आणि पेट घेणारे रसायन त्या पोकळीत पसरवलेले असते. पिन कडेवर आपटते, कड चेपते, रसायन पेटते. कड चेपायची तर पितळ पातळच हवे. आणि पितळ पातळ म्हटले की काडतूस नाजूक झालेच. शिवाय गोळीला वरून मेणासारखे वंगण लावलेले असते. म्हणजे मऊ नाकाचे, चिकट अंगाचे आणि पायात कड अडकणारे असे हे पोर, त्याला यंत्राने डोळ्याचे पाते लवायच्या आत उचलून एका अरुंद भोकात सरळ कोंबायचे. ते दहांतून नऊ वेळा बिनबोभाट जाते, याचेच मला अधिक कौतुक वाटते.

या काडतुसाचा मूळपुरुष पॅरिसचा. फ्लोबेर नावाच्या बंदूक कारागिराने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात बसून निशाणबाजी करता यावी म्हणून टोपीतच छोटी गोळी बसवली. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट काढले, आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचे लाँग रायफल आले. तेच आजतागायत जगभर चालते. विंचेस्टर कंपनीने १९०३ साली या जातीची आपोआप भरणारी रायफल काढली, तेव्हा बाजारातली चालू काडतुसे तिला मुद्दाम बसू दिली नाहीत. तिच्यासाठी वेगळ्या मापाचे, धूर न करणाऱ्या दारूचे काडतूस केले. कारण उघड होते: काळ्या दारूची काजळी यंत्रात साचली की चार बारांत सारे ठप्प. घास अडू नये म्हणून घासच बदलणारी ही कंपनी मला तरी मोठी व्यवहारी वाटते.

पुढे १९६४ साली अमेरिकेतल्या रुगर कंपनीने १०/२२ नावाची रायफल काढली. तिच्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसे एकावर एक रचलेली नसून एका फिरत्या चक्राच्या खाचांत बसतात. यात मोठी खुबी आहे. कड असलेली काडतुसे साध्या पेटीत एकावर एक रचली, आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की वरचे पुढे सरकताना खालच्याला अडकते. जुन्या .३०३ रायफली हाताळलेल्या कामठीच्या फौजी मंडळींना हे दुखणे सांगायला नको. त्या काडतुसालाही कड होती आणि पट्टीत काडतुसे लावण्याचा क्रम चुकला तर तिथेही हीच रडकथा. रुगरच्या चक्रात प्रत्येकाला स्वतंत्र खोली, त्यामुळे भांडण नाही. ही रायफल लाखोंनी खपली आणि तिचे सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने निघाले. नळी एकाची, बोल्ट दुसऱ्याचा, चाप तिसऱ्याचा, लाकडी दस्ता चौथ्याचा, असे जमवून स्वतःच्या पसंतीची रायफल जुळवण्याचा छंद अमेरिकेत घरोघर पसरला.

आता समजा, धरमपेठेतून टेक्सासला गेलेल्या एखाद्या इंजिनियर पुतण्याने अशी रायफल जुळवली, आणि एन.सी.सी.त आयुष्य घालवलेल्या काकांना रविवारी फोन केला. संवाद साधारण असा होईल:

"काका, नेम तर केसासारखा लागतो, पण दहातली दोन काडतुसे अडकतात."

"कुठे अडकतात?"

"बंदुकीत."

"अरे बाबा, ते कळले! बंदुकीत कुठे?"

सारे निदान काकांच्या या प्रश्नात आहे. वैद्य जसा आधी 'दुखते कुठे' विचारतो आणि मग नाडी पाहतो, तसेच हे. मॅगझीन काढले, बोल्ट मागे धरला, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवले, की अडकलेले काडतूस स्वतःच बोलू लागते. त्याचे नाक खाली वळून चेंबरच्या खालच्या काठावर ठेचले असेल, तर मॅगझीन खाली लोंबते आहे, त्याची स्प्रिंग दमली आहे किंवा त्याचे ओठ वाकले आहेत. नाक वर गेले असेल, तर त्या ओठांनी काडतूस वेळेआधीच सोडले. बोल्ट पुढे जाऊन बंद झाला पण चेंबर रिकामेच, असे असेल तर बोल्ट पुरता मागे गेलाच नव्हता. काडतुसाच्या मागे पोचण्याआधीच माघारी फिरला. आणि रिकामी पुंगळी धुराड्यासारखी उभी चेपलेली सापडली, तर तीही बहुधा मागच्या धक्क्याच्या अशक्तपणाचीच खूण. नाहीतर पुंगळी ओढणारा आकडा झिजला असेल. कधी कधी दुर्बीण इतकी खाली बसवलेली असते की बाहेर उडालेली पुंगळी तिच्यावर आपटून पुन्हा आत येते. लोक मात्र आठ दिवस स्प्रिंगा बदलत बसतात!

हौसेने जुळवलेल्या रायफलीत सगळ्यात संशयास्पद जागा म्हणजे नवी, महागडी नळी. नेमबाजीच्या शर्यतीसाठी केलेल्या नळीचे चेंबर अगदी अंगासरशी कोरलेले असते. काडतूस बसताच गोळीचे नाक नळीतल्या आट्यांत किंचित रुतते, म्हणून नेम अचूक होतो. हाताने बोल्ट दाबणाऱ्याला हे ठीक. पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोल्टला पुढे ढकलायला एक बारीक स्प्रिंग काय ती असते, आणि तिच्याच जोरावर काडतूस मॅगझीनमधून सोडवायचे, चढणीवरून वर न्यायचे, चेंबरात बसवायचे आणि आकडा कडेवर चढवायचा, इतकी कामे असतात. घट्ट चेंबरपाशी तिचा दम संपतो. अशा नळीतून न उडालेले काडतूस बाहेर ओढले तर कधी कधी गोळी आतच राहते आणि दारू सांडते. म्हणून अमेरिकेतल्या जाणत्या कारागिरांनी सेमी-ऑटोमॅटिकसाठी मधल्या मापाचे चेंबर ठरवले: शर्यतीच्या चेंबरइतके घट्ट नाही, साध्याइतके सैल नाही. पुतण्याची नळी कोणत्या मापाची, हे त्याने ती विकणाऱ्याला आधी विचारायला हवे होते.

दुसरा घोळ स्प्रिंग आणि काडतूस यांच्या बेबनावाचा. या रायफलीत बोल्टला कुलूप नसते. त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढाच काय तो अडसर. शर्यतीचे मंद काडतूस गोळीला सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेग देते, वेगवान काडतूस ३८० च्या आसपास. ताठ स्प्रिंग बसवून मंद काडतुसे घातली तर बोल्ट अर्ध्या वाटेवरून परततो. नरम स्प्रिंग घालून वेगवान काडतुसे उडवली तर तो इतक्या वेगाने ये-जा करतो की मॅगझीनला पुढचे काडतूस वर उचलायला उसंतच मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही बिघाड सारखेच दिसतात, आणि उपाय मात्र एकमेकांच्या उलट.

म्हणून काकांचा सल्ला कंटाळवाणा पण रास्त असेल: सगळे मूळचे भाग परत लाव. ते चालले की एक नवा भाग बसव, पन्नास काडतुसे उडव, वहीत लिही, मग दुसरा. मॅगझीनांवर रंगाने आकडे घाल, म्हणजे दोष रायफलीचा की तीन नंबरच्या मॅगझीनचा हे कळेल. एका दिवसात चार गोष्टी बदलणाऱ्याला रायफल दुरुस्त झाली तरी कशाने झाली ते समजत नाही.

सफाईबद्दल दोन शब्द. हजार बारांनंतर चेंबरच्या तोंडाशी मेण, शिसे आणि काजळी यांचे कडे तयार होते आणि चांगले चेंबरही घट्ट होऊन बसते. ब्रश फिरवून ते काढले की निम्म्या तक्रारी मिटतात. उरलेल्या निम्म्यांपैकी काही तेलाच्या अतिरेकाच्या! आपल्या नागपूरसारख्या गावी, मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर चढलेला असताना, बंद मोटारीत ठेवलेल्या काडतुसांचे मेण मऊ होते, त्यावर धूळ बसते, आणि तेलाने न्हालेल्या बोल्टवर तिचा लेप होतो. जुलैत हवेतला ओलावा वाढला की दस्त्याचे लाकूड फुगते आणि मॅगझीन बसायची खाच आवळली जाते. उन्हाळ्यात बिनतक्रार बसणारे मॅगझीन मग केसभर खाली राहते. कच्च्या लाकडाची दारे पावसाळ्यात का लागत नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आणखी एक खोड म्हणजे रिकाम्या रायफलीचा चाप पुनःपुन्हा ओढणे. काही जातींत पिन मग चेंबरच्या काठावरच आदळते, तिथे बारीक गाठ उठते, आणि त्या गाठीला प्रत्येक काडतूस अडखळते.

यात गमतीचा भाग इथपर्यंतच. बोल्ट पुरता बंद न होता बार उडाला तर पातळ पुंगळीला मागून आधार राहत नाही. ती फुटते आणि पितळेचे तुकडे व गरम वायू तोंडाकडे येतात. चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर निशाणाकडे तोंड ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे. उशिरा पेटणारे काडतूस दुर्मिळ, पण असते. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा बार मुळीच नाही: गोळी नळीतच राहिली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. अडकलेले काडतूस स्क्रू-ड्रायव्हरने कडेवर टोचून काढणाऱ्याला काय म्हणावे? स्फोटक रसायन नेमके त्याच कडेत आहे!

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बनवणे, तिच्यात फेरफार करणे, ती दुरुस्त करून देणे, या साऱ्याला परवाना लागतो. तेव्हा टेक्सासच्या पुतण्याचा छंद महालातल्या किंवा सीताबर्डीवरच्या घरात करण्याजोगा नाही; इथे परवानाधारक कारागिराकडेच जायचे. पण दुखणे मात्र आपल्याही ओळखीचे आहे. कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते याच .२२ काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाने. २०१२ साली लंडनला विजयकुमारने रौप्यपदक मिळवले त्या प्रकारात तर पाच बार आठ, मग सहा, मग चार सेकंदांत पाच वेगवेगळ्या निशाणांवर टाकायचे असतात. चार सेकंदांत एक काडतूस अडले तर वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे काय? उलट, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या प्रकारात रायफल एकेका काडतुसाचीच लागते. प्रत्येक घास हाताने भरवायचा, तेव्हा मॅगझीन अडण्याचा प्रश्नच नाही. तोही कोल्हापूरकडचा. आम्हां नागपूरकरांना याचा थोडा हेवा वाटतो, हे लपवून काय उपयोग! भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांची पहिली मोठी पायरी आहे.

स्पर्धेच्या नियमांनीही या दुखण्याची दखल घेतली आहे. बिघाड दोन प्रकारचे मानतात: क्षम्य आणि अक्षम्य. काडतूस पेटले नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, यंत्राने दगा दिला, तर तो क्षम्य आणि नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळते. पण काडतूस भरायचेच राहिले, खटका बंद ठेवला, किंवा बिघाड समजण्याआधी नेमबाजाने स्वतःच पिस्तूल उघडले, तर अक्षम्य. ते गुण गेले. म्हणून सरावात पहिली सवय लावतात ती हीच: पिस्तूल अडले की त्याला हात लावायचा नाही, नळी निशाणाकडेच ठेवायची, बोट चापावरून काढायचे, मोकळा हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत तसेच उभे राहायचे.