आता बास की!

रविवारी सकाळी साडेसहाला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर आम्ही नऊ-दहा जण बोर्ड मांडीवर घेऊन बसतो. एक गुळाचे व्यापारी, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एक दंतवैद्य, अकरावीतली एक मुलगी, मी आणि असेच आणखी काही. बहुतेकांचं चित्रकलेचं शिक्षण शाळेतल्या इंटरमीजिएट परीक्षेपाशीच थांबलेलं. शिकवायला एक निवृत्त कलाशिक्षक, आमचे ‘सर’. फी नाही. चहा मात्र पाळीपाळीनं पाजायचा.

समोर संध्यामठ. पाणी चढलं की हा दगडी मठ बुडत जातो, उतरलं की त्याचे खांब मोकळे होतात. तीनशे जीएसएमचा कागद बोर्डाला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का करायचा आणि पंधरा मिनिटांत पेन्सिलचं काम संपवायचं. सर घड्याळ लावूनच बसतात. “खांब मोजत बसू नका, उजेड कुठनं येतोय ते बघा.”

मग पहिला वॉश. बोर्ड थोडा तिरका धरायचा, बारा नंबरचा ब्रश भरून घ्यायचा आणि आडव्या फटकाऱ्यांनी आभाळ खाली ओढत आणायचं. प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब साठतो; तो सुकायच्या आत पुढच्या फटकाऱ्यानं उचलायचा. जलरंगात पांढरा रंग शक्यतो लावत नाहीत. पाण्यावरची चमक हवी असेल तर तिथला कागद कोराच राखावा लागतो.

यानंतरचं काम सगळ्यांत अवघड. काहीच न करणं. कागदावरची ओली चकाकी गेली तरी तो वाळलेला नसतो. बोटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. अशा वेळी ओला ब्रश लावला की पाणी रंगाला मागे ढकलतं आणि आभाळात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. माझ्या निम्म्या आभाळांत असे गड्डे आहेत. म्हणून याच वेळी चहा असतो.

चहाबरोबर बहुधा आबालाल रहिमान निघतात. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून कोल्हापुरात परतलेले, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले चित्रकार. त्यांनी हाच रंकाळा, हाच संध्यामठ रंगवला. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखानं त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. गुळवाले काका म्हणतात, “आपली सोडली तर मासे तक्रार करतील.”

कागद वाळला की मठ. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन पॅलेटवर पुरते न कालवता कागदावरच एकमेकांत सोडायचे. त्यातून दगडाचा करडा रंग येतो, कुठे तांबूस, कुठे निळसर. इथवर माझं बरं चालतं. नंतर हात शिवशिवतो. सावली थोडी गडद करू, काठाला थोडं गवत घालू. फिरायला आलेला एक मुलगा मागे उभा राहून विचारतो, “काका, बदक कुठाय?” मी बदकही घालतो. मागून आवाज येतो, “आता बास की!” आणि सर हातातला ब्रशच काढून घेतात.

पावसाळ्यात आम्ही एका हॉलमध्ये व्यक्तिचित्रं करतो. मॉडेल आमच्यातलंच कुणीतरी. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं पाय मोकळे करायचे. तिथेही तोच आवाज.

रंकाळ्यावर साडेनऊला सगळी चित्रं कट्ट्यावर ओळीनं लागतात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर चपला. सर जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढतात आणि ते चित्रावर पुढे-मागे सरकवत चौकट लहान करत नेतात. माझ्या चित्रात त्यांनी मठ गाळला, गवत गाळलं, बदक तर केव्हाच गेलं. उरला वरचा डावा कोपरा, पोस्टकार्डाएवढा: आभाळ पाण्याला मिळतं ती जागा. पहिल्या वॉशनंतर तिथे माझा हातच पोचला नव्हता.

“हे कुणी केलं?” सरांनी विचारलं.

अकरावीतली मुलगी हसली. मी बोर्डावरची पट्टी सोडवली आणि कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पुढच्या रविवारचं भागलं.