उरलेले नव्हे, लागणारे द्यावे



दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरकडची अनेक कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन कल्याण-भिवंडी भागातल्या वीटभट्ट्यांवर येतात. आपण त्यांच्यासाठी जुने कपडे गोळा करतो. दोन वर्षांपूर्वी गोणी उतरवताना एक बाई म्हणाली, “ताई, कपडे मागचेच अजून हायेत. पोरांना शिकवायला कोण येल का?” मी “बघते” म्हणाले. बघितले मात्र नाही. पाऊस आला, भट्टी बंद झाली, ते कुटुंब पाड्यावर परतले. कपडे माझ्याकडे जास्तीचे होते म्हणून देता आले. शनिवारची दुपार मला हवी होती, म्हणून ती देता आली नाही.

मार्क १२:४१-४४ मध्ये प्रभू मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून लोक काय टाकतात ते पाहत आहे. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, विधवेने दोन टोल्या. प्रभूने तिचे दान मोठे ठरवले, कारण इतरांनी भरपुरातून दिले आणि तिने उपजीविकाच दिली. देऊन झाल्यावर आपल्याकडे काय उरले, हे प्रभू पाहतो. त्यागाचे माप तेच.

आपल्या महाराष्ट्रात हे पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसते. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पैसा जपून ठेवावा, असाच तो काळ. तरीही रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि त्या दुष्काळातून सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना आश्रय दिला. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना. सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली होती. त्याच जमिनीवर मुलींची सोय केली. तिथेच पुढे मुक्ती मिशन उभे राहिले. जी जमीन उद्याचा आधार म्हणून राखली होती, तीच आज भुकेल्यांना दिली गेली.

इथे दोन गैरसमज टाळावेत. पहिला असा की, त्यागाने तारण मिळते. तारण कृपेनेच मिळते. वधस्तंभावर प्रभूने आधी दिले, आपला त्याग हे त्याला दिलेले उत्तर आहे. दुसरा असा की, त्याग म्हणजे घरच्यांना उपाशी ठेवणे किंवा देह झिजवणे. तसे नाही. ज्याची गरज आहे त्याला विचारावे आणि तो जे मागेल ते द्यावे, मग ते आपल्या सोयीचे नसले तरी. नाहीतर आपण दाते होतो आणि आदिवासी बांधव आपल्या दयेची वस्तू होऊन बसतात.

आता मी दर शनिवारी दोन तास भट्टीवर जाते. मुले पाटीवर अक्षरे गिरवतात. विटा उचलून हात दुखले की मध्येच थांबतात. ज्या बाईला मी “बघते” म्हणाले होते, ती पुन्हा या बाजूला आलेली नाही. तिची मुले आज कुठल्या भट्टीवर असतील, कोण जाणे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मंडळ्यांतून अजून चार-पाच जण आले तर दुसऱ्या भट्टीवरही वर्ग सुरू होईल. कपड्यांची गोणी अवश्य द्या. पण आधी प्रार्थनेत स्वतःला विचारा: मला लागणारे असे काय आहे, जे प्रभू माझ्याकडे मागत आहे?