संगणकावरील आरेखन व आपलें शेततळें

ठेकेदारानें नकाशा पुढें करावा, मालकानें त्यावर सही करावी, आणि खोदाई संपल्यावर पाहावें तों मापांचा मेळ बसूं नये, ही तक्रार नवी नाहीं. पूर्वीं असे नकाशे फळ्यावर कागद ताणून पट्टी व कंपास यांच्या साह्यानें काढीत; आतां हें काम बहुधा संगणकावर होतें. तेव्हां या पद्धतीची ओळख जमीनधारकानें करून घेणें इष्ट आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें इव्हान सदरलँड यांनीं १९६३ सालच्या आपल्या प्रबंधांत 'स्केचपॅड' नांवाची योजना मांडली. तींत प्रकाश-लेखणीनें पडद्यावर रेषा काढितां येत. १९८२ सालीं 'ऑटोकॅड' निघाल्यावर हें साधन लहान संगणकांवर आलें. आज 'फ्रीकॅड', 'लिब्रेकॅड' हीं विनामूल्य मिळतात.

मुख्य भेद असा कीं, कागदावरील रेघ म्हणजे केवळ शाई. संगणकांतील रेघ म्हणजे तिच्या दोन टोंकांचे अंक. म्हणून तेथें आकृति प्रत्यक्ष मापानें काढितात व प्रमाण छापतेवेळीं ठरवितात. लांबी व क्षेत्र यंत्रच सांगतें. घन आकृति रचिली असल्यास घनफळहि.

३० मीटर चौरस व ३ मीटर खोल तळें घ्या. बाजूंचा उतार एकास एक ठेविल्यास तळ २४ मीटर चौरस होतो व खोदाई २,१९६ घनमीटर भरते. माती भुसभुशीत म्हणून दर मीटर खोलीस दीड मीटर उतार दिला, तर तळ २१ मीटर चौरस व खोदाई १,९७१ घनमीटर. म्हणजे २२५ घनमीटरांचा, सव्वादोन लक्ष लिटर पाण्याचा फरक! आरेखकानें आकृति नीट बांधली असेल, तर उताराचा एक अंक बदलतांच सारा हिशेब बदलतो. हातानें तें पुन्हां काढावें लागे. आणि खरें सांगावयाचें तर कंटाळ्यानें पुष्कळदां जुनाच आंकडा राहून जाई.

मात्र यंत्रास माती दिसत नाहीं. ढांसळणाऱ्या जमिनींत उभी भिंत काढावयास सांगितली तरी तें निमूटपणें काढील. शिवाय चारी बाजू ३० मीटर भरल्या तरी आंखणी तिरकी असूं शकते; दोन्ही कर्ण ४२.४३ मीटर भरले पाहिजेत. सही करण्यापूर्वीं नकाशावर तळाचें माप, उतार व उभा छेद आहे कीं नाहीं हें पाहावें, नसल्यास मागून घ्यावा. कर्ण मात्र स्वतः मोजावे. त्यास एक टेप, दोन माणसें व पाव तास पुरतो.