शक्यतांचा हिशोब (लेखांक ७) : गुणण्याआधी एक प्रश्न

गेल्या आठवड्यातलं गणित आधी संपवू. पत्त्यांचा कॅट नीट पिसला, वरचं पान न बघता पालथंच बाजूला ठेवलं आणि त्याच्या खालचं उलटलं. ते एक्का असण्याची संभाव्यता किती? ४/५२, ३/५१ की ४/५१?

उत्तर ४/५२, म्हणजे १/१३. एक पान कमी झालं म्हणून ५१ने भागायला हात शिवशिवतात, हे मान्य. पण जे पान तुम्ही पाहिलंच नाही, त्यानं तुम्हाला काही सांगितलेलंही नाही. पिसलेल्या कॅटात दुसऱ्या जागेवर एक्क्याचा जितका हक्क, तितकाच पहिल्या किंवा एकोणचाळिसाव्या जागेवर. पटत नसेल तर लांबच्या रस्त्यानं जा. पालथं पान एक्का असेल (४/५२), तर पुढचं एक्का असण्याची शक्यता ३/५१. ते एक्का नसेल (४८/५२), तर ४/५१. दोन्ही वाटांचे गुणाकार करून बेरीज घ्या : १२/२६५२ अधिक १९२/२६५२, म्हणजे २०४/२६५२. छेद दिला की पुन्हा १/१३ हाती येतो.

आता ते पालथं पान सरळ करा. समजा, एक्का निघाला. त्याच क्षणी खालच्या पानाचा हिशोब ३/५१, म्हणजे १/१७ झाला. कॅटातलं एकही पान जागचं हललेलं नाही, बदलली ती फक्त तुमच्याजवळची माहिती. ‘अमुक कळलं आहे, तर आता तमुकची शक्यता किती?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सशर्त संभाव्यता.

शिकवताना बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. आधी स्वतंत्र घटना, त्यांचा गुणाकाराचा नियम, आणि सशर्त संभाव्यता शेवटी, परीक्षा तोंडावर आली असताना घाईघाईनं. माझ्या मते हे घातक आहे. मुलांच्या डोक्यात ‘दोन घटना एकत्र आल्या की गुणा’ एवढंच पक्कं बसतं आणि तो गुणाकार नको तिथेही चालवला जातो. म्हणून आपण अट आधी घेऊ, स्वातंत्र्य नंतर.

गणिताच्या वहीचं चौकटीचं पान घ्या. त्यावर सहा आडव्या ओळी आणि सहा उभे रकाने आखा. ओळी लाल फाशाच्या, रकाने निळ्या फाशाचे. एकूण छत्तीस घरं, प्रत्येकाची शक्यता सारखी. प्रत्येक घरात दोन फाशांची बेरीज लिहा. हे काम कंटाळवाणं वाटेल, तरी एकदा हातानं कराच, कारण पुढचं सगळं या पानावर डोळ्यांना दिसतं.

बेरीज आठ असलेली घरं मोजा : पाच. म्हणजे संभाव्यता ५/३६. आता कुणी तुम्हाला सांगितलं, ‘लाल फाशावर तीन पडलेत.’ मग तिसरी ओळ सोडून बाकी सगळ्या घरांवर पेन्सिलीनं काट मारा. उरली सहा घरं. त्यांत आठ एकाच घरात, तेव्हा संभाव्यता १/६. ती ५/३६ होती, आता ६/३६ झाली. थोडी का होईना, वाढली. ‘लालवर एक पडलाय’ असं सांगितलं असतं, तर पहिल्या ओळीत आठ कुठेच नाही, म्हणून शून्य. अट आली की जग आक्रसतं, आणि मोजणी त्या आक्रसलेल्या जगात नव्यानं करायची. सूत्र पाठ नसलं तरी चालेल, पेन्सिल हवी.

आता हेच बेरीज सातसाठी करा. सात असलेली घरं सहा, तिरकी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेलेली. प्रत्येक ओळीत नेमकं एक. लालवर तीन पडो, एक पडो की सहा, सातची संभाव्यता १/६च राहते. लाल फाशाची बातमी ऐकून सातच्या हिशोबात तसूभर फरक पडत नाही, म्हणून ‘लालवर तीन’ आणि ‘बेरीज सात’ या स्वतंत्र घटना. गंमत बघा, बेरजेत लाल फासा स्वतः सामील आहे, तरीही. आठ मात्र स्वतंत्र नाही. तेव्हा दोन गोष्टींचा संबंध दिसतो की नाही, यावर स्वातंत्र्य ठरवू नका. एकीची बातमी मिळाल्यावर दुसरीचा आकडा हलतो का, तेवढं तपासा.

जाता जाता एक गोंधळ मिटवू. एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटना म्हणजे स्वतंत्र घटना, असं अनेकांना वाटतं. खरं तर नेमकं उलट आहे. ‘लालवर एक’ आणि ‘बेरीज आठ’ कधीच एकत्र येत नाहीत, म्हणजे पहिलीची बातमी येताच दुसरीचा निकाल लागतो. याहून घट्ट परावलंबन कुठलं?

आकडा हलत नसेल तेव्हा मात्र बिनधास्त गुणा. १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यामागच्या जुगारी प्रश्नांतला एक असा : एक फासा चार वेळा टाकला तर निदान एक सहा पडेल यावर पैज लावावी का? फासा मागचं काही लक्षात ठेवत नाही. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चारदा गुणून ६२५/१२९६. तेव्हा निदान एक सहा पडण्याची ६७१/१२९६, जवळपास ५१.८ टक्के. पैज फायद्याची. दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा, ही पैज मात्र ४९.१ टक्क्यांवर येते. वरवर दोन्ही सारख्या दिसतात, पण दुसरी हळूहळू खिसा रिकामा करते.

फाशात चूक झाली तर पैसे जातात. न्यायालयात झाली तर काय होतं, हे इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांच्या खटल्यात दिसलं. वकिली करणाऱ्या या बाईंचं पहिलं बाळ १९९६ मध्ये गेलं आणि दुसरं १९९८ मध्ये. दोन्ही मृत्यू अचानक, काही आठवड्यांच्या वयात. दोन्ही बाळांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर आला. १९९९च्या खटल्यात बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं की अशा कुटुंबात, म्हणजे घरात धूम्रपान नाही, कमाई आहे आणि आईचं वय २६च्या वर आहे, बाळाच्या अशा अचानक मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन मृत्यूंसाठी त्यांनी हा आकडा स्वतःनंच गुणला : ७ कोटी ३० लाखांत एक. सलग चार वर्षं ग्रँड नॅशनल शर्यतीत ८०ला १ भावाचा घोडा जिंकावा, तसं हे असल्याचंही त्यांनी समजावून सांगितलं.

आता आपला प्रश्न विचारा. एका घरात एक बाळ असं गेल्याची बातमी मिळाली, तर त्याच घरातल्या दुसऱ्या बाळाचा आकडा हलतो का? आई-वडील तेच, घर तेच, आनुवंशिक दोष असला तर तोही तोच. हलण्याची कारणं ढीगभर आहेत. वेगवेगळ्या वर्षांतल्या शर्यतींचे निकाल बहुतांशी एकमेकांपासून मोकळे असतात, भावंडं तशी नसतात. शर्यतीच्या दाखल्यात स्वातंत्र्य गृहीतच धरलेलं होतं, आणि सिद्ध करायला हवं होतं ते नेमकं तेच.

इथे आणखी एक चूक दडली होती, आणि मला ती जास्त भयंकर वाटते. घटकाभर ७ कोटी ३० लाख हा आकडा खरा धरा. तो सांगतो, ‘आई निर्दोष असेल तर दोन मृत्यू होण्याची शक्यता.’ ज्यूरीला हवं होतं, ‘दोन मृत्यू झालेत तर आई निर्दोष असण्याची शक्यता.’ अट आणि घटना यांची अदलाबदल झाली की अर्थच पालटतो. पत्त्यांत हे लगेच दिसतं : पान राजा आहे हे कळलं तर ते चित्राचं असण्याची संभाव्यता १, पण पान चित्राचं आहे एवढंच कळलं तर ते राजा असण्याची ४/१२, म्हणजे १/३. शिवाय आईनं आपल्या दोन तान्ह्या बाळांचा खून करणं हीही अत्यंत दुर्मीळ गोष्ट. दोन दुर्मीळ गोष्टींतली एक घडली आहे हे नक्की असताना, फक्त एकीच्या दुर्मीळतेचा आकडा दाखवून काय सिद्ध होणार?

२००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीर निवेदन काढून या गुणाकाराला आधार नसल्याचं म्हटलं. खटल्यात दोषी ठरवून झालेली शिक्षा २००३ मध्ये अपिलात रद्द झाली. त्यात मुख्य मुद्दा दडवून ठेवलेल्या वैद्यकीय अहवालाचा होता, पण या आकड्यावरही अपील न्यायालयानं टीका केली. तोवर तीनेक वर्षं तुरुंगात गेली होती. २००७ मध्ये सॅली क्लार्क वारल्या.

दोन दुर्मीळ गोष्टी एकमेकींशी ताडून बघायची रीत पुढच्या आठवड्यात घेऊ, बेझच्या प्रमेयासकट. तोवर सरावाला दोन गणितं. पहिलं छत्तीस घरांच्या पानावरचं. दोन फासे टाकले, आणि ‘निदान एकावर सहा आहे’ एवढंच कळलं. दोन्हींवर सहा असण्याची संभाव्यता किती? १/६ असं पटकन लिहू नका, आधी काट मारून घरं मोजा.

दुसरं पत्त्यांचं. पूर्ण कॅटातून एक पान काढलं, तर ‘बदाम’ आणि ‘राजा’ या घटना स्वतंत्र आहेत : १३/५२ गुणिले ४/५२ बरोबर १/५२, आणि बदामचा राजाही एकच. पण घरातल्या कॅटात एखादं पान गहाळ असतंच. समजा, किलवरची दुर्री हरवली आणि ५१ पानं उरली. ‘बदाम’ आणि ‘राजा’ अजून स्वतंत्र राहिले का? आणि दुर्रीऐवजी दुसरं कुठलंही एक पान हरवलं असतं तर ते स्वतंत्र राहिले असते का?