ऑनलाइन लिलावांतील जुनी सायकल

बैल घेतांना शेतकरी त्याचे दांत पाहतो. ऑनलाइन लिलावांत जुनी सायकल घेतांना मात्र तो केवळ छायाचित्रावर विसंबतो, व तेथेंच फसतो. आमची सूचना अशी कीं, बोलीपूर्वीं फ्रेमवरील क्रमांकाचें छायाचित्र मागवावें. हा क्रमांक बहुधा दोन्ही पायडलांमधील जोडाच्या खालच्या बाजूस ठोकलेला असतो. तो घासलेला आढळल्यास व्यवहार सोडावा. कारण चोरीची सायकल मूळ धन्याकडे परत जाते आणि आपले दाम बुडतात. वाहतुकीसाठीं आगाऊ रक्कम मागणारा स्वतःस सैनिक म्हणवीत असला, तरी सायकल पाहिल्यावांचून त्यास पैसे देऊं नयेत. यूपीआयचा गुप्त अंक पैसे देतांनाच घालावा लागतो, घेतांना कधींच नाहीं. इतकेंही करून फसगत झाल्यास १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. विलंबानें पैसा हातचा जातो.